घागर भरायला उठण्याआधीचं वाक्य

सर, तुम्हाला बसवलं होतं.

आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. हे मला काही नवं नाही. माझ्या वडलांना, अप्पांना तसं पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं. पण परवा शिरूर अनंतपाळला तुमच्या गावाकडच्या घराच्या दारात पोचले, खुर्चीत झेंडूच्या माळांमध्ये तुम्ही दिसलात, कपाळभर विभूती, मान जराशी डावीकडे कललेली, ओठ मिटलेले, आणि माझा पाय पुढं पडेना. वर्गात कुणी वाक्य अर्ध्यात सोडलं की तुम्ही अगदी असेच बसायचात. रागवायचात नाही, मदतही करायचात नाही. नुसते थांबायचात. बायका रडत होत्या, स्वामी मंत्र म्हणत होते, आणि मला आपलं वाटत राहिलं की हे माझ्याकडंच बघून राहिलेत, आता म्हणतील, "बिकॉज?"

तेव्हापासून तुम्ही माझ्या घरात बसलेले आहात. उमरीला परत आले तर ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत तुम्ही. कणीक मळताना पाठीमागं तुम्ही. आमचे हे म्हणाले, "त्या खुर्चीवरचे कपडे उचल की, बसायला जागा न्हाई." मी म्हटलं, राहू द्या. कपडे उचलले असते तर खुर्ची रिकामी आहे की नाही ते बघावं लागलं असतं. हे भले माणूस, जमिनीवर बसून चहा प्याले.

आपल्या वर्गातला वैजनाथ म्हणाला, सरांवर चार शब्द लिहून दे, पुस्तिका काढायचीय. तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं हे सगळं तो स्वतः लिहिणार आहे. कलेक्टर कचेरीत जन्म काढलाय त्यानं, असलं लिहायची त्याला सवय आहे. माझे चार शब्द तुमच्याबद्दल नाहीत, तुमच्याशी आहेत. छापायचे तर छापील, नाहीतर ठेवील बाजूला.

सर, मी तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे चांगलं लिहीन ते खरं वाटेल.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आम्ही अजून त्याला नवा जिल्हाच म्हणत होतो. एका दाखल्यासाठी उस्मानाबादेला खेटे घालणारी माणसं आता गावातल्या गावात खेटे घालू लागली होती. नव्या कचेऱ्या, नवे टेबल, नवे पंखे. त्या पंख्याखाली आपलंही पोरगं बसावं असं कुणाला वाटत नव्हतं? आणि मुलाखतीत साहेब इंग्रजीत विचारतो, अशी आवई उठलेली. म्हणून सगळे तुमच्याकडं यायचे. शाळा सुटली की तुमच्या लातूरच्या ओसरीवर, पत्र्याच्या सावलीत, बाकांशिवायचा वर्ग. आईबापांना हवं होतं अर्ज लिहिता येणारं इंग्रजी. तुम्ही शिकवत होता भांडायला.

"भांडायला न्हाई," तुम्ही म्हणायचात, "कारण द्यायला. उचलली जीभ लावली टाळ्याला हे मराठीत खपतं, माझ्या इंग्रजीत खपणार न्हाई."

त्यातच तो दुष्काळ. गल्लीतले बाकीचे हापसे कोरडे पडले, तुमच्या दारातला तेवढा कण्हत कुथत पाणी देत होता. सगळ्या गल्लीच्या घागरी तुमच्या भिंतीला लागून रांगेत. आम्ही वर्गाला येताना एका हातात वही आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन यायचो. घागर रांगेत, आम्ही ओसरीवर. बाहेरून हाक यायची, "शिवकांते, तुझी घागर आली गं!" उठायला तुमची ना नव्हती. फक्त नियम होता की सुरू केलेलं वाक्य पुरं करून उठायचं, आणि 'बिकॉज' आल्याशिवाय कुठलंच वाक्य पुरं होत नव्हतं. बाहेर बायका ओरडताहेत, "अगं ए, नंबर चालला ना!" आणि आत मी पदराची किनार चावत 'बिकॉज'च्या पुढचे शब्द शोधून राहिलेय. तुम्ही थांबलेले, मान डावीकडे. बायकांनी तुमचं नाव बिकॉज मास्तर पाडलं ते असं.

पुस्तकात एक प्रश्न होता. नाव बुडतेय, माणसं जास्त, कुणाला पाण्यात ढकलायचं? आम्ही नुसते बघत बसलो. नावच कुणी पाहिलेली नव्हती, आणि बुडायला पुरेल एवढं पाणीही. तुम्ही फळा पुसलात आणि तिथं टँकर काढलात. टँकरमध्ये एका वस्तीपुरतं पाणी, फाट्यावर दोन वस्त्या. एका वस्तीत माणसं जास्त, दुसरीत एक बाळंतीण. ड्रायव्हरनं काय करावं? वर्ग असा पेटला की हापशावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीत मतं द्यायला लागल्या. तुम्ही त्यांनाही सोडलं नाही. "कामून? कारण सांगा कारण." एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, बाळंतिणीला द्या. मोठाल्यांना बोंबलता येतंय, लेकराला येत न्हाई." तुम्ही ते इंग्रजीत करून फळ्यावर लिहिलंत आणि आम्ही उतरून घेतलं.

आणि तो मुकादम. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली एक पोटुशी बाई झाडाखाली बसून राहते, मुकादम तिची पूर्ण हजेरी लावतो. ही चोरी की नाही? वैजनाथ तेव्हा नुकता खेड्यातून आलेला, इंग्रजी म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

"सर, मुकादम इज गुड म्यान."

"बिकॉज?"

"बिकॉज... बाई पोटुशी हाय की सर!"

"इंग्रजीत, वैजनाथ."

"बिकॉज शी... शी इज टू पीपल, सर."

आम्ही सगळे खिदळलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत आणि म्हणालात, आज एवढं पुरे, याच्या वर आज कुणी जाणार न्हाई. वैजनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. परवा तुमच्या मातीला हेच आठवून तो माझ्याजवळ रडला, पांढऱ्या मिशा पुसत.

तुमचा आणखी एक नियम होता, माझं आवडतं कारण त्यातच मार खायचं. 'मला हवं, कारण मला हवं' हे चालणार नाही. असं कुणी बोललं की तुम्ही फळ्यावर एक गोल काढायचात. "हा घाण्याचा बैल. दिवसभर चालला, पोचला कुठं?" माझ्या नावावर असे गोल सगळ्यांत जास्त असतील. मी हट्टी होते, तुम्ही मला बैलच म्हणायचात, आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

आणि शेवटचा नियम, ज्यापायी आज हे लिहायला बसले. आपली बाजू जिंकली, समोरचा गप्प झाला, की तुम्ही टाळी वाजवायचात आणि म्हणायचात, "आता दुसरी बाजू." जो जिंकला त्यानंच हरलेल्याची बाजू मांडायची, तेवढ्याच जोरानं. त्याशिवाय वर्ग सुटत नसे. पहिल्यांदा आम्हाला हा छळ वाटला. मग त्याची चटक लागली. मी एकदा टँकर मोठ्या वस्तीला दिला आणि लगेच बाळंतिणीला परत मिळवून दिला, दोन्ही वेळा तुम्ही मान डोलावलीत. त्या संध्याकाळी घागर डोक्यावर घेऊन घरी जाताना मला वाटलं होतं की आता जगात मला कुणी अडवू शकत नाही. अठराव्या वर्षी माणसाला असं एकदा तरी वाटावं. ते तुम्ही मला वाटू दिलंत, आणि त्याची फेड मला करता आली नाही.

मग तुम्ही आमच्या घरी आलात.

बारावीचा निकाल लागला होता, इंग्रजीत मी कॉलेजात पहिली होते. उमरीचं स्थळ चालून आलं होतं आणि अप्पांच्या मनात भरलं होतं. तुम्ही मला काही न सांगताच आलात. भर दुपार, अप्पांचं भुसार दुकान गिऱ्हाईक नसल्यानं अर्धं मिटलेलं, मागच्या बैठकीत तुम्ही दोघं लोडाला टेकून. स्वयंपाकघराच्या पडद्याआड मी, हातात चहाचा ट्रे. पाण्याच्या त्या दिवसांत अर्धाच कप चहा करायची रीत होती.

"अप्पा, पोरीला नांदेडला पाठवा. बी.ए. करू द्या इंग्रजीत."

"आमच्या आडातच इंग्रजी न्हाई सर, पोहऱ्यात कुठून येणार?" अप्पा हसले.

"तिच्या पोहऱ्यात आलंय. मी ओढून बघितलंय."

आणि मग तुम्ही बोललात. सर, तसं बोलताना मी तुम्हाला वर्गातही ऐकलं नव्हतं. नवा जिल्हा आहे, मुलींच्या शाळा निघतील, तिथं बाया लागतील शिकवायला. तुमची पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहील. दुष्काळ आज आहे उद्या जाईल, शिकलेलं जाणार नाही. प्रत्येक वाक्याला कारण, प्रत्येक कारणाला आमच्या घरातलं उदाहरण. अप्पा ज्वारीचे दाणे तळहातावर घोळवत ऐकत होते. शेवटी दाणे त्यांनी पोत्यात टाकले.

"बरं सर. तुम्ही एवढं म्हणताव तर पाठवतो. उमरीकरांना कळवतो, जमत न्हाई म्हणून."

मी बाहेर आले, चहा ठेवला, तुमच्याकडं बघायची हिंमत झाली नाही, परत पडद्याआड गेले. मी जाणार होते. नांदेड कसं असेल हे माझ्या डोळ्यांपुढं नव्हतंच, मला नुसता एसटीचा थांबा दिसत होता आणि माझी पत्र्याची पेटी.

तुम्ही चहा संपवलात. आता उठायचं होतं, सर. नमस्कार करून टोपी घालून निघायचं होतं.

"आता अप्पा," तुम्ही म्हणालात, "न्यायानं बघायचं तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे."

आणि तुम्ही मांडलीत, तेवढ्याच जोरानं. वसतिगृहांत पाणी नाही, मुलींना अध्येमध्ये घरी धाडतात. परक्या गावात आजारी पडली तर कोण बघणार? धाकट्या दोघी मागं आहेत, पुढचं साल कसं जाईल सांगता येत नाही. उमरीच्या माणसांना काही देणंघेणं नको, मुलगा निर्व्यसनी आहे, गोदावरी तिथून लांब नाही, आणि घरच्या आडाला या दिवसांतही पाणी आहे. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागावं का, हा विचार बापानं केला तर तो चूक म्हणता येणार नाही.

पडद्याआड मी मनात म्हणत होते, सर, टाळी वाजवा. सांगा त्यांना की हा खेळ आहे.

अप्पांनी पोत्यातून पुन्हा मूठभर दाणे उचलले. मग म्हणाले, "खरं हाय सर. पहिलं बोललाव ते मास्तर म्हणून बोललाव. हे घरचं माणूस म्हणून बोललाव."

"न्हाई न्हाई अप्पा, माझं मत पहिलंच हाय. हे आपलं... वर्गात आम्ही..."

"माणूस मनातलं शेवटीच बोलतो, सर."

तुमच्या वर्गात शेवटी बोललेलं म्हणजे सराव. आमच्या बैठकीत शेवटी बोललेलं म्हणजे फैसला. भाऊबंदांची तकरार असो की सोयरीक, सगळे बोलून घेतात आणि मानाचा माणूस शेवटी बोलतो, ते ठरतं. तुम्हीही असल्याच बैठकीत वाढला होता, सर. आमच्यातल्या कुठल्याही शहाण्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण तुम्हाला तुमच्या फळ्यापलीकडं काही दिसत नव्हतं.

तुम्ही एकदा पडद्याकडं पाहिलंत. पडदा आखूड होता, माझी पावलं दिसत असणार. मला वाटलं आता हाक माराल. "शिवकांता, बाहेर ये. तुझं काय म्हणणं आहे?" एवढंच. तुमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं बोलणारी मुलगी चार हातांवर उभी होती आणि तिच्या जन्माच्या दोन्ही बाजू तुम्हीच मांडत होता. मी आपणहून बाहेर आले नाही कारण बैठकीत पोरीनं बोलायचं नसतं. तुम्ही बोलवलं असतं तर अप्पांना नाही म्हणता आलं नसतं. तुम्ही बोलवलं नाहीत. गडबडीनं निघालात, टोपी विसरून गेलात. ती पोचवायला अप्पांनी हमाल धाडला, मला नाही.

त्यानंतर तुम्ही दुकानावर दोनदा येऊन अप्पांना समजावलंत, हे मला ठाऊक आहे. पण फैसला झाल्यावर कारणं द्यायला येणाऱ्या माणसाला आमच्याकडं चहा देतात, एवढंच करतात.

उमरीला मी आले तेव्हा पहिल्यांदा तो आड बघितला. परसात, दगडी बांधलेला, वाकून बघितलं तर खाली माझं तोंड दिसेल एवढं वर पाणी. सासूबाई म्हणाल्या, "घे माय, पोटभर पी." मी ओंजळीनं प्यायले. सर, पाणी खरंच गोड होतं. तिथंच तर माझी पंचाईत झाली. सासर वाईट निघालं असतं, नवरा मारकुटा निघाला असता, तर मी आयुष्यभर तुम्हाला शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तुमची दुसरी बाजू शब्दन् शब्द खरी निघाली. हे गरीब स्वभावाचे, कापसाच्या धंद्यात कधी कुणाला फसवलं नाही, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. लेकरं झाली, मोठी झाली. मी सुखात राहिले. आणि त्या सुखात रोज कुठंतरी, भाकरी थापताना, पोहरा ओढताना, एसटीचा थांबा दिसायचा आणि माझी पत्र्याची पेटी. पेटीजवळ कुणी नसायचं.

तुम्ही मला सोडलं नाहीत, तेही लिहिते. घरी बसून बी.ए. कर, म्हणून पुस्तकं तुम्ही धाडलीत. लातूर-नांदेड गाडीच्या कंडक्टरकडं सुतळीनं बांधलेलं पुडकं द्यायचात, आमचे हे स्टँडवर जाऊन घेऊन यायचे. पुडक्यात पुस्तकांशिवाय कधी काही नसायचं. एखादी चिठ्ठी पडेल म्हणून मी पुस्तकं उलटी धरून झटकून बघायचे. मग शेजारची एक मुलगी इंग्रजीत नापास झाली म्हणून मी तिला घेऊन बसले, तिच्या मागून दुसरी आली, आणि कापसाच्या रिकाम्या खोलीत माझा वर्ग उभा राहिला. बिकॉज, घाण्याचा बैल, टँकर, पोटुशी बाई, सगळं तुमचंच. आणि वर्ग सुटायच्या आधी टाळी. "आता दुसरी बाजू." माझ्या मुली ती इतक्या वर्षांत हजारदा मांडत आल्या असतील. मला वाटायचं, मी तुमचा दिवा लावून ठेवलाय.

एकदा तुम्ही आला होता. नांदेडला पेपर तपासायला आला होता आणि तिथून न कळवता उमरीला. मी वर्ग घेत होते, तुम्ही मागं पोत्यावर बसलात. मला कोण आनंद झाला. त्या दिवशी मुली तर अशा बोलल्या की बस्स. जिंकलेल्या मुलीला मी ऐटीत टाळी वाजवून म्हटलं, "आता दुसरी बाजू," आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उठून परसात गेला होता. आडाजवळ उभं राहून तोंडावर पाणी मारत होता. मी म्हटलं, "ऊन लागलं का सर?" तुम्ही म्हणालात, "हाव, जरा." पोहऱ्यातलं पाणी ओंजळीनं प्यालात आणि म्हणालात, "गोड आहे गं पाणी." मी म्हटलं, "आहेच की." दोघंही मग त्या पाण्यात बघत राहिलो. मला विचारायचं होतं की त्या दिवशी ती तुमची सवय होती की मनातलं होतं. तुम्हालाही काहीतरी बोलायचं होतं, तुमची मान डावीकडे होती. तेवढ्यात ह्यांनी जेवायला हाक मारली. पुरणपोळ्या केल्या होत्या, तुम्ही एकच खाल्लीत.

मी नेहमी समजत आले की तुम्ही ते विसरलात. मास्तर माणूस, शेकड्यांनी मुलं, एका पोरीची सोयरीक कुठं लक्षात राहणार?

परवा मातीला नंतरच्या सालांतली एक मुलगी भेटली, सुप्रिया नावाची, बँकेत अधिकारी आहे. तुमच्याबद्दलच बोलत होतो. मी सहज म्हटलं, "तुम्हालाही वर्ग सुटताना छळायचे का गं, आता दुसरी बाजू मांड म्हणून?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "दुसरी बाजू? न्हाई बाई. सरांनी असं कधीच करायला लावलं न्हाई."

"मग वर्ग कसा सुटायचा?"

"शेवटी सर एकच इचारायचे. एवढं बोललाव, पण ज्याच्याबद्दल बोललाव त्याला इचारलंव का? मग त्या टँकरच्या बाळंतिणीचं सोंग कुणीतरी घ्यायचं आणि तिच्या तोंडून बोलायचं. ती बोलल्याबिगर लई बार हापशावर घागरी तटून ऱ्हायच्या."

मी काकूंकडं, तुमच्या पत्नीकडं गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. म्हणाल्या, "तुझ्या घरून आले त्या दिवशी जेवले न्हाईत गं. दुसऱ्या दिवशी वर्गात टाळी वाजवायला हात उचलला आन् तसाच खाली घेतला. त्याच्यामागं कधी वाजवली न्हाई. मी म्हनले, पोरीला जाऊन एकदा बोला. तर म्हनायचे, काय तोंडानं इचारू?"

सर, मी तिथं रडले नाही. मला संताप आला. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! दुसऱ्याच दिवशी कळलं होतं! सगळ्या लातूरला तुम्ही तो प्रश्न विचारायला शिकवलात, बँकेतल्या सुप्रियाला शिकवलात, फळ्यावरच्या बाळंतिणीला बोलकं केलंत. जिच्यामुळं तो प्रश्न सुचला तिच्या आडावर येऊन पाणी पिऊन गेलात आणि तिला तेवढं विचारलं नाहीत. आणि मी वेडी इकडं उमरीत तुम्ही टाकून दिलेली टाळी वाजवत बसले. काय तोंडानं म्हणे! त्याच तोंडानं, सर. मला दुसरं कुठलं तोंड नको होतं.

मग तुम्हाला उचललं. तुमच्याच शेतात खड्डा केला होता, त्यात कोनाडा. तळहातावर इष्टलिंग ठेवलेलं, तुम्हाला आत नीट बसवलं. सगळ्यांनी बेल वाहिला, विभूती टाकली. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून बघितलं. तुम्ही तसेच. ओठ मिटलेले, मान डावीकडे, थांबलेले. माझ्या हातातला बेल खाली पडला की मी टाकला ते मला सांगता येणार नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "चला माय, सरका." मी सरकले.

येताना गाडीत अहमदपूर गेलं, लोहा गेलं. नांदेडच्या पुलावर हे म्हणाले, "काय झालंय?" मी म्हटलं, "सरांना उत्तर द्यायचं राहिलंय." ह्यांनी विचारलं नाही कशाचं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग लिही की. वैजनाथनं सांगितलंयच."

म्हणून लिहितेय. तुम्ही विचारलंत असं धरते. पडद्याकडं बघितलंत आणि हाक मारलीत, शिवकांता, बाहेर ये, तुझं काय म्हणणं आहे, आणि मी रिकामा ट्रे खाली ठेवून बैठकीत आले, अप्पांच्या पुढं उभी राहिले.

मला नांदेडला जायचं होतं, सर. बिकॉज...

इथंच अडते. मुलींच्या शाळा, नवा जिल्हा, स्वतःचे पाय, ही सगळी कारणं तुम्ही आधीच सांगून टाकली होती, आणि ती तुमची होती. पाणी, वसतिगृह, धाकट्या बहिणी, ही तर अप्पांची. शोधून शोधून माझं म्हणून एकच सापडतं, आणि त्यावर तुम्ही फळ्यावर गोल काढाल हे मला माहीत आहे. काढा. एवढ्या एका वाक्यापुरता काढा आणि राहू द्या, पुसू नका.

मला जायचं होतं, बिकॉज मला जायचं होतं.

वाक्य पुरं झालं. उठा आता, सर.